माशाला किती पाणी लागतं

मासा केवढा आहे?

हर्मीन लान्सिंकने पिशवी खाली ठेवली आणि दोन्ही तळहात समोर धरले. मधलं अंतर कमी केलं. मग पुन्हा वाढवलं.

"दोन्हींतलं कुठलं धरू, बाई?" हिरव्या एप्रनमधल्या माणसाने विचारलं.

"मोठं धरा. शेपटीसकट."

"म्हणजे वीतभर. साधा गोल्डफिश?"

"साधाच. नारिंगी. पोटाकडे पांढरा."

"किती आहेत?"

"एक."

"एकटाच? बरं नसतं ते. यांना सोबत लागते."

"त्याला सवय आहे," हर्मीन म्हणाली, आणि आपण फारच चटकन बोललो असं तिला वाटलं.

हमरस्त्यावरचं मोठं दुकान. पुढे जिरेनियमच्या कुंड्या, खताची पोती, पाखरांसाठी लाकडी घरं. मागच्या अंधाऱ्या भागात मासे. पंपांची घरघर सगळीकडून येत होती. हर्मीनच्या अंगात काळा कोट होता. मंगळवारपासून ती तो घालूनच दारोदार फिरत होती. ग्रादुस ओंकच्या शेजारी ती चाळीस वर्षं राहत होती, पण लगतच्या घराला इथे पहिला शेजार म्हणतात, आणि पहिल्या शेजारणीचं खरं काम माणूस गेल्यावर सुरू होतं. प्रत्येक घरी मागच्या दाराने जायचं आणि सांगायचं: ग्रादुस गेला, शनिवारी सकाळी नेणार, खांदा द्यायला तुमच्यातला एक जण पाठवा.

आज शुक्रवार. उद्या अंत्यविधी. त्यानंतरची कॉफी झाली की ग्रादुसचा पुतण्या रुत्गर घर आवरायला घेणार होता आणि मासा मागच्या चरात सोडणार होता. माणूस वाईट नव्हता. "तिथे त्याला भरपूर पाणी मिळेल," असं म्हणाला होता. चरावर बगळा बसतो हे उत्रेख्त शहरातून आलेल्या माणसाला कसं ठाऊक असणार? मासा वाचवायचा तर उद्याच्या आत टाकी हवी होती, आणि ते जमण्यासारखं होतं. न जमणारी गोष्ट दुसरीच होती. मासा मागावा लागणार होता. पहिल्या शेजारणीने मयताच्या घरातून काही मागायचं नसतं, सुतळीचा तोडासुद्धा नाही. मागितलं की लोक विचारतात, ही त्याची कोण?

सध्या कशात ठेवलाय?

"वाडग्यात. काचेच्या."

"गोल?"

"गोल."

त्याने तो शब्द स्वतःशी एकदा म्हटला, डॉक्टर रिपोर्ट वाचताना म्हणतात तसा. छातीवरच्या पट्टीवर त्याचं नाव होतं, आल्बर्ट.

"सरबताचा वाडगा आहे तो," हर्मीन म्हणाली. "ग्रादुसच्या आईवडिलांच्या लग्नाला पंचवीस वर्षं झाली तेव्हाचा. फळं घालून वाइन करायचे त्यात. चांगला जाड आहे."

"जाड असेल हो. मोठा नाही ना. पंप बसत नाही, तोंड अरुंद, हवा कुठून घेणार तो? पाणी कधी बदललं?"

"काल. सगळं."

"सगळं?"

"हिरवं झालं होतं. वाडगाही घासला, आतून बाहेरून."

"कशाने?"

त्याच्या आवाजात काहीतरी बदललं, आणि आपल्या हातून काहीतरी झालंय हे हर्मीनला उत्तर देण्याआधीच कळलं.

काल तिने आणि दुसऱ्या शेजारणीने, त्रूस विसिंकने, ग्रादुसचं घर धुतलं होतं. माणूस घरातून शेवटचा निघतो तेव्हा घर लख्ख हवं. दारांच्या मुठी, उंबरा, शेगडीमागची भिंत. समोरची खिडकी सगळ्यांत आधी, कारण पडदे नसलेल्या त्या खिडकीतून अख्खं गाव आत बघत जाणार. वाडगा त्या खिडकीत होता. हर्मीनने मासा बादलीत काढला, वाडगा हिरव्या साबणाने घासला, तीन पाण्यांनी विसळला, नळाचं गार ताजं पाणी भरलं आणि मासा परत सोडला. "बघ कसा चमकतोय," त्रूस म्हणाली होती. "ग्रादुसने जन्मात घासला नसेल."

"साबणाने," हर्मीन म्हणाली.

आल्बर्टने एप्रनला हात पुसले. ते कोरडेच होते. "वर येऊन तोंड उघडतोय का?"

"आज सकाळपासून."

"हिरवं होतं ना, ते त्याचं घर होतं, बाई. काचेवर जे बुळबुळीत बसतं त्याच्यावरच त्याचं पाणी जगतं. ते खरवडून काढलं की…" त्याची नजर तिच्या काळ्या कोटावर गेली आणि वाक्य तिथेच राहिलं. "घरी गेलात की त्याला बादलीत काढा. कधीच साबण न लागलेल्या. पाणी आधी खोलीत ठेवून त्याचा गारठा मरू द्या. हवेचा छोटा पंप मी देतो, तो लावा. मग बघू."

"मग बघू म्हणजे?"

"म्हणजे मग बघू."

मासा तुमचाच ना?

"शेजाऱ्याचा."

एवढंच उत्तर तिने दिलं. न दिलेलं उत्तर लांब होतं.

मासा तिनेच आणला होता. तेव्हा ती म्हाताऱ्यांना अंघोळी घालायला, जखमा बांधायला सायकलवरून घरोघर जात असे. सगळी नोकरी तिने तीच केली. एका म्हातारीच्या बागेतलं तळं बुजवायला माणसं आली होती आणि तळाशी बोटाएवढा एक मासा उरला होता. मेयोनीजच्या रिकाम्या डब्यात घालून, डबा हँडलला अडकवून तिने तो आणला. घरी मांजर होतं. म्हणून ती ग्रादुसच्या मागच्या दाराने आत गेली आणि म्हणाली, "चार दिवस ठेव."

"शेजारीण म्हणते म्हणजे ठेवायलाच हवा," ग्रादुस म्हणाला.

मांजर दोन वर्षांनी मेलं. मासा परत न्यायचा विषय तिने काढला नाही, त्यानेही काढला नाही. मासा बघायला म्हणून ती रोज सकाळी जाई, मग कॉफी होई. ग्रादुसने हयातभर दूधगाडी चालवली होती. गोठ्या-गोठ्यावर पहाटे पोचायचं, नळी लावायची, दूध ओढून घ्यायचं, पुढे जायचं. बोलायची सवय त्याला लागलीच नाही. तिला तो शेजारीण म्हणे. नावाने नाही.

हर्मीनचा नवरा हेंक गेला तेव्हा पहिला शेजारी ग्रादुस होता. दारोदार तो फिरला, खांदा त्याने दिला, पुढचं वर्षभर बाग त्याने खणली. ते शेजारपण होतं. ग्रादुसला न्यूमोनिया झाला तेव्हा सूप तिने नेलं, त्याचे कपडे तिने धुतले आणि इस्त्री केले. तेही शेजारपणच. दोघांनी एकमेकांसाठी जे जे केलं त्या सगळ्याला आधीपासून एक नाव होतं, आणि ते नाव इतकं भक्कम होतं की त्याच्याखाली आणखी काही आहे का, हे बघायची वेळ कुणावर आली नाही. त्या दोघांवरही नाही.

मंगळवारी तो मागच्या बाकावर बसलेला सापडला. मांडीवर शेंगांचं भांडं होतं, अर्ध्या निवडलेल्या.

त्याला तिने आणि त्रूसने धुतलं. हर्मीनने अशी किती अंगं धुतली होती. फडकं कसं पिळायचं, खांदा कसा उचलायचा, हाताला सगळं पाठ. त्याच्या डाव्या खांद्यावर एक जुना व्रण होता, गाडीच्या दाराचा असावा. तो तिने कधी पाहिला नव्हता. त्याला तिने कधी हातच लावला नव्हता, निरोपाला हात मिळवतात तेवढा सोडून.

"काय गं, थांबलीस का?" त्रूसने विचारलं.

"पाणी गार झालं," हर्मीन म्हणाली आणि नवं आणायला गेली.

घरातल्या जनावरांना धनी गेल्याचं सांगायचं असतं. हर्मीनची आई मधमाश्यांच्या पेट्यांपाशी जाऊन सांगत असे, नाहीतर माश्या निघून जातात म्हणे. ग्रादुसच्या घरी एकच जनावर होतं. त्रूस बादली ओतायला बाहेर गेली तेवढ्यात हर्मीन खिडकीपाशी गेली आणि वाडग्यावर वाकून म्हणाली, "ग्रादुस गेला."

मासा काचेपाशी आला. खायला मिळेल असं त्याला वाटलं असणार.

जमीन कसली आहे तुमच्याकडे?

"हसू नका," आल्बर्ट म्हणाला. "विचारावं लागतं. लाकडी असेल तर मोठी टाकी थेट तळघरात जाते. गेलीय एकदा."

"सिमेंटची."

"नक्की?"

"एकाने बघून दिलीय."

तेव्हा मार्च महिना होता. ग्रादुस मागच्या दाराने आला, बूट दारात काढले. हातात सुतारांची असते तशी पिवळी घडीची मोजपट्टी. दुपारचा तो असा कामाशिवाय कधी येत नसे.

"शेजारीण, मासा मावेनासा झालाय. वळताना शेपटी काचेला लागते."

"मग मोठी टाकी घे की."

"घ्यायची तर मीटरभर लांब. पण माझी जमीन लाकडी, खाली तळघर. पाणी भरलं की सगळं सासूच्या डोक्यावर."

"तुला कुठली आली सासू?"

"नाही ना. म्हणून तर तळघर रिकामं आहे."

मग तो तिच्या समोरच्या खोलीत गेला. मोजे घातलेल्या टाचेने जमीन ठोकून पाहिली. खिडकीखाली गुडघ्यांवर बसला आणि पट्टी घडी घडी उघडत नेली, या कोपऱ्यापासून त्या कपाटापर्यंत.

"इथे बसते. बरोब्बर."

"म्हणजे मासा माझ्याकडे?"

"टाकी इथे. मासा… मासा टाकीतच असणार."

"आणि त्याला खायला घालायला तू येणार?"

"यावंच लागेल. सकाळी. संध्याकाळीही खातो तो." पट्टीकडे बघतच तो पुढे म्हणाला, "भरलेली टाकी मग हलवता येत नाही, हर्मीन. एकदा ठेवली की ठेवली."

त्याने नाव घेतलं. ते तिला ऐकू आलं, आणि ऐकू आलं म्हणूनच ती हसली. घाबरल्यावर माणूस हसतो तसं.

"लोक म्हणतील, ग्रादुस आता पुढच्या दाराने येतो."

पुढचं दार नवरीसाठी आणि मयतासाठी. बाकी सगळे मागून येतात. ग्रादुसचा अंगठा पट्टीच्या सांध्यावर फिरत राहिला, आणि ती बोलत सुटली. "एका माशाला कशाला एवढं? तीस लिटरची घे. तुझ्या खिडकीत मावेल."

पट्टी घडी घडी मिटत गेली.

"हं," तो म्हणाला. "तसंही चालेल."

बूट घातले, गेला. फाटकाची कडी वाजली तेव्हा त्याच्या बोलण्यातलं उरलेलं तिला कळलं. हाक मारता आली असती. फाटक काही लांब नव्हतं. पण हाक मारून काय म्हणायचं, ते तिला सुचलं नाही, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कॉफी नेहमीसारखीच झाली.

त्याने तीस लिटरची टाकी घेतली नाही. कुठलीच घेतली नाही.

तो प्रसंग हर्मीनने त्यानंतर कितीदा तरी मनात पुन्हा घडवून पाहिला:

"लोक म्हणतील, ग्रादुस आता पुढच्या दाराने येतो."

"आणि तू काय म्हणशील?"

"मी म्हणेन, पाय पुसून ये."

मग तो पट्टी मिटत नाही. मग तो गुडघ्यांवरून उठतो आणि…

मासा भांड्याएवढाच वाढतो ना?

हा प्रश्न तिने विचारला.

"सगळे असंच म्हणतात," आल्बर्ट म्हणाला. "लहान भांड्यात तो लहान राहत नाही, बाई, आजारी राहतो. वाढ खुंटते, पाठ वाकते. दिसायला बरा दिसतो म्हणून लोकांना वाटतं, सुखात आहे."

फळीवर दोन टाक्या शेजारी शेजारी होत्या. एक तीस लिटरची, काखेत मावेल अशी. दुसरी मीटरभर लांब, एकशे साठ लिटरची, खाली स्वतःचं कपाट असलेली.

"कुणी पुढे घेऊन जाणार असेल, तुम्ही नुसता सांभाळणार असाल, तर ही लहान चालेल थोडे दिवस. कायमचा ठेवणार असाल तर ती. तिच्याहून लहान मी कायमसाठी देत नाही. नंतर लोक मेलेला मासा पिशवीत घालून मला दाखवायला आणतात."

"किती वर्षं जगतो?"

"नीट ठेवला तर पंधरा. वीससुद्धा."

हर्मीन अडुसष्टची होती. "म्हणजे आधी मीच जाईन."

"मग शेजाऱ्यांना सांगून ठेवा," आल्बर्ट म्हणाला. तो चांगल्या मनानेच म्हणाला.

लहान टाकी घेतली तर काही मागावं लागणार नव्हतं. रुत्गरचं ठरेपर्यंत मी सांभाळते, एवढं म्हटलं की झालं. सांभाळणं शेजारपणात बसतं. मोठी टाकी शेजारपणात बसत नव्हती. ती ठेवायला तिच्याकडे एकच जागा होती, समोरच्या खिडकीखाली. चर्चला जाणारी, पाव आणायला निघालेली, शाळेतून सुटलेली प्रत्येक सायकल त्या खिडकीवरून जाते, आणि प्रत्येक मान आत वळते.

"मासा लगेच सोडता येणार नाही हं मोठीत," आल्बर्ट सांगत होता. "पाणी भरून, पंप चालू ठेवून आधी मुरू द्यावं लागतं. तीन-चार आठवडे. तोवर बादली. रोज थोडं पाणी बदलायचं, थोडंच. आणि घासायचं नाही काही."

"नाही," हर्मीन म्हणाली. "मोठी द्या."

तू स्वतः पोहणार आहेस की काय?

त्रूसचा नवरा व्हिलेम गाडीमागे ट्रेलर लावून टाकी न्यायला आला होता. टाकी पाहून तो कमरेवर हात ठेवून उभा राहिला, आणि वरचा प्रश्न त्याचा.

"मासा आहे ना ग्रादुसचा," हर्मीन म्हणाली. "रुत्गरचं ठरेपर्यंत."

"रुत्गरचं ठरायला एवढी जागा लागते?"

"उचल रे तू. बोलू नकोस."

"बोलल्याशिवाय उचलता येत नाही मला. पाठ धरते."

तिच्या समोरच्या खोलीत दोघांनी मिळून टाकी बसवली. व्हिलेमने चारी कोपरे तपासले, एका पायाखाली पुठ्ठ्याचा तुकडा सारला. खिडकीखाली ती नेमकी बसली. टाकी आणि बाजूचं कपाट यांच्यात बोट जाईल एवढीच फट उरली. व्हिलेमने त्या फटीकडे पाहिलं.

"मापून घेतलेली दिसतेय."

"हो."

"तू मापलीस?"

हर्मीनने नळी टाकीत सोडली. पाणी काचेवरून चढायला लागलं. दोघंही ते बघत उभे राहिले, चढणारं पाणी कुणीही बघत राहतं तसे.

"त्रूसला सांगू नकोस," ती म्हणाली.

"मी त्रूसला आजवर काही म्हणजे काही सांगितलेलं नाही," व्हिलेम म्हणाला. "तिला तरी सगळं माहीत असतं."

मासा मात्र ग्रादुसच्याच स्वयंपाकघरात राहिला, नव्या बादलीत, पंपाच्या बुडबुड्यांपाशी. अजून तो मागितलेला नव्हता. संध्याकाळी हर्मीन दोनदा जाऊन आली. दुसऱ्या खेपेला तो पाण्याच्या मध्यावर होता, तोंड मिटून, आणि तिने बोट बुडवल्यावर तो खाली गेला. खाली गेला म्हणजे बरं, असं तिने स्वतःला सांगितलं.

(इथे कुणी काही विचारलं नाही.)

शनिवारी सकाळी ती पुढचं दार उघडायला लवकर गेली. ते दार ग्रादुसची आई गेली तेव्हा शेवटचं उघडलं होतं. कडीला तेल घालावं लागणार होतं, म्हणून तेलाची बाटली बरोबर घेतली होती.

बादलीत मासा आडवा होता. पंप चालू होता आणि बुडबुडे त्याला हळूहळू फिरवत होते, त्यामुळे क्षणभर तो पोहतोय असंच वाटलं.

तिने पंप बंद केला. मासा दोन्ही हातांत घेतला. वीतभरच होता, शेपटीसकट. दुकानात तिने बरोबर सांगितलं होतं. मागे शेंगांच्या वेलांखाली माती मऊ होती. ती हातांनीच उकरली, पुन्हा सारखी केली. मग हात धुतले, साबणाने, आणि धुता धुता थांबली, आणि मग पुन्हा धुतले.

पुढच्या खोलीत ग्रादुस होता. तिने कडीला तेल घातलं. खांदेकरी फाटकातून आत येत होते.

माशाचं काय करायचं?

कॉफीच्या खोलीत जागा उरली नव्हती. गावातल्या कॅफेच्या मागचा तो लांबट हॉल. टेबलांवर मनुकांचा पाव, लोणी, हॅम घातलेले गोल पाव. पुढचं टेबल घरच्यांचं. तिथे रुत्गर, त्याची बायको आनेलीस आणि दूरचे दोन चुलतभाऊ बसले होते. ग्रादुसचं आणखी कुणी नव्हतं. अंत्यविधीची कॉफी पहिली शेजारीण ओतते, आणि शेवटचा माणूस उठेपर्यंत ती बसत नाही. हर्मीन मोठी किटली घेऊन टेबलांमधून फिरत होती. तिच्या पाठोपाठ त्रूस दुधाचं भांडं घेऊन.

रुत्गर उठून उभा राहिला आणि चमच्याने कप वाजवला.

"लान्सिंकबाई नसत्या तर आम्हाला काही म्हणजे काही जमलं नसतं," तो म्हणाला. लोकांनी माना डोलावल्या. मग तो तिच्याकडे वळला, आवाज खाली आणून. "बाई, घरातलं काहीतरी घ्या तुम्ही. आठवण म्हणून. घड्याळ घ्या."

"नको रे. शेजारपण आहे ते."

"बरं. आणि माशाचं काय करायचं? दुपारी मागे सोडून देऊ ना?"

आता मागायला काही उरलं नव्हतं. मासा गेला, एवढं म्हणून दुसऱ्या टेबलाकडे वळता आलं असतं. टाकी सोमवारी परत गेली असती. व्हिलेम कुणाला बोलला नसता. किटली जड होती. तिने ती दोन्ही हातांनी धरली.

"मासा आज सकाळी गेला, रुत्गर."

"अरेरे. सुटला म्हणायचं बिचारा."

"तो मी ठेवणार होते." आवाज तिला वाटला त्यापेक्षा मोठा निघाला. शेजारच्या टेबलावरचे चमचे थांबले. "आज तुझ्याकडे मी तो मागणार होते. काल टाकी आणलीय. एकशे साठ लिटरची. माझ्या समोरच्या खिडकीत आहे."

"एवढी?" रुत्गर हसला, त्याला यातलं काही कळत नव्हतं. "एका माशाला?"

"एवढी लागते. ग्रादुसने मार्चमध्ये विचारलं होतं मला. माझ्याकडे येऊन मापून गेला होता. मी त्याला म्हणाले, तीसची पुरे." ती थांबली. "मी चुकीचं सांगितलं."

रुत्गरला कळलं नाही, पण हॉलला कळलं. मागच्या टेबलांपर्यंत माना वळत गेल्या. कुणीतरी "समोरच्या खिडकीत?" असं हळूच विचारलं आणि कुणीतरी त्याला गप्प केलं. व्हिलेम कपात बघत होता. चाळीस वर्षं जी बाई कुणाच्या तोंडी सापडली नव्हती ती हॉलच्या मधोमध किटली धरून उभी होती, आणि तिला आता पुढे जाता येईना की मागे.

त्रूसने दुधाचं भांडं टेबलावर ठेवलं. ती आली आणि तिने किटलीच्या कानाला हात घातला.

"दे इकडे."

"अजून मागची दोन टेबलं राहिलीत, त्रूस."

"मला दिसतात टेबलं. सोड. सांडशील कुणाच्या तरी अंगावर, मग माझ्या नावाने बोंब." हर्मीनची बोटं सुटेनात, म्हणून त्रूसने ती एकेक करून सोडवली. "बस तू आता."

"कुठे?"

त्रूसने किटलीच्या चोचीने दाखवलं. पुढच्या टेबलाकडे.

हर्मीन जागची हलली नाही. मग रुत्गरच्या बायकोने, तिला काय कळलं कोण जाणे, शेजारच्या खुर्चीवरची आपली पर्स उचलली आणि मांडीवर घेतली.

दूध घालू?

त्रूसने विचारलं. हर्मीनच्या स्वयंपाकघरात बसून ती आयुष्यभर कॉफी प्यायली होती. हर्मीन कॉफीत काय घेते हे तिला झोपेतही सांगता आलं असतं. पण पुढच्या टेबलावरच्यांना विचारायचं असतं.

कॉफी ओतून झाली होती. हर्मीन काळ्या कोटातच बसली होती. हात आधी मांडीवर होते, मग तिने ते टेबलावर ठेवले, बशीच्या दोन बाजूंना. नखांखाली थोडी माती राहिली होती. कोपऱ्यात कुणीतरी पुन्हा बोलायला लागलं, मग दुसरं कुणी, आणि चमचे वाजायला लागले. त्रूस भांडं तिरकं धरून तिच्या शेजारी तशीच उभी होती, घाई न करता.

"हो," हर्मीन म्हणाली. "थोडं."